झोप उडाली, तर जावे कोणाकडे?

(अकलोली, ता. भिवंडी येथे शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



आपल्या अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर अंगदुखी घेऊन लांबून लोक येतात. स्नानाने अंग मोकळे होते. परंतु काहींचा थकवा व डोकेदुखी तपासणीत काही न सापडताही हटत नाही. पहाटे तीनलाच जाग येते, खाचराकडे पाऊल वळत नाही. असे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर तो आळस नव्हे. नैराश्याचा आजार असू शकतो.

यावर मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध लिहून देत नाहीत. ते चाचण्या घेतात व बोलण्यातून उपचार करतात. हे शास्त्र फार जुने नाही. अमेरिकेत लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय काढले, तेही मुख्यतः अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांसाठी. आपल्या देशात बंगलोरला १९५५ च्या सुमारास याचे शिक्षण सुरू झाले.

"नुसत्या बोलण्याने काय होते?" हा प्रश्न रास्त आहे. आजारी माणूस काम सोडतो, काम सुटले की मन आणखी खचते. म्हणून आठवड्याची लहान कामे ठरवून देतात: सकाळी बांधापर्यंत जाऊन येणे, शेजाऱ्याकडे घटकाभर बसणे. पुढील भेटीत त्याचा हिशेब घेतात. कर्ज यामुळे फिटत नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु सोसायटीत जाऊन बोलण्याइतके बळ येते.

असे तज्ज्ञ गावोगाव मिळणे कठीण. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' कार्यक्रमाने गावपातळीवरील कार्यकर्त्यांनाच प्रशिक्षण दिले. बिकट रुग्ण तेवढे डॉक्टरांकडे. नैराश्य असलेल्या शंभरांत पूर्वी सुमारे ४ जण उपचारापर्यंत पोचत. नंतर २७ पोचू लागले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

घरात कोणी "आता जगून काय करू" म्हणाला, तर विषय टाळू नका. जीव देण्याचा विचार येतो का, असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. त्याला एकटे सोडू नका. कीटकनाशकाचे डबे त्याच दिवशी कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे आहे. तेथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी परतता येते. जाणे जमत नसेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य, मराठीतून बोलता येते.