आईच्या जागेवर आई



वर्धापनदिनाला बाहेरचा पाहुणा न बोलावता घरातल्याच बाईने बोलावे असे ठरले, आणि ते माझ्यावर आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा घरात जे शिकले तेवढेच सांगते. विषय सावत्रपणाचा आहे.

मी बिजवराला दिलेली. २००१ साली टेंभुर्णीत आले तेव्हा घरात सहा वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा होता. त्यांची माय वर्षापूर्वी वारली होती. "लेकरं लहान आहेत, लौकर विसरतील," असे मला सांगण्यात आले. आणि मुलांच्या आजोळी निरोप गेला की आता येणेजाणे कमी करा. मलाही ते बरेच वाटले. खोटे कशाला बोलू?

पहिल्या दिवाळीला घर रंगवताना मी पहिलीचा फोटो भिंतीवरून काढला, कोठीमागे ठेवला आणि परत लावला नाही. पंधरा दिवसांनी मुलीच्या दप्तराचा बंद तुटला. शिवायला घेतले, तर वहीत तोच फोटो, चौकटीतून काढलेला. पोर तो रोज शाळेत नेत होती. मी तिला काही विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी फोटो चौकटीत घातला आणि खिळ्याला लावला. संध्याकाळी हे शेतातून आले, भिंतीकडे पाहिले आणि काही न बोलता हातपाय धुवायला गेले.

पूर्वी दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीचा टाक घालीत. सवत बाधू नये या भीतीनेच घालीत, पण त्या निमित्ताने तिची आठवण घरात राही. आपण भीती टाकली ते चांगले झाले. तिच्याबरोबर माणूसही टाकायचे नव्हते. पितृपक्षातली अविधवा नवमी मी पुढच्या वर्षापासून करू लागले. तिला काय आवडे ते विचारायला मुलांच्या आजीलाच बोलावले. म्हातारी आली, चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "तिला आंबाडीची भाजी लई आवडायची." मुलगी ऐकत होती. त्या दिवसापासून आजोळ पुन्हा सुरू झाले. २०१८ साली मुलीचे लग्न झाले तेव्हा तिच्या पाठीशी तिचा सख्खा मामा उभा होता.

तिनेच मला आनंदीबाई कर्व्यांचे 'माझे पुराण' आणून दिले. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, त्याच पुढे आनंदीबाई झाल्या. मुरूडच्या लोकांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला, हे आपण भाषणांत ऐकतो. पण त्या घरात पहिल्या पत्नीचा, राधाबाईंचा, अकरा वर्षांचा रघुनाथ होता, हे कुणी सांगत नाही. पुढे आनंदीबाईंना शंकर, दिनकर आणि भास्कर झाले. रघुनाथराव संततिनियमनाच्या कामाने नावारूपाला आले, आणि दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाईंनी तर भारतातल्या नात्यागोत्यांवर मोठा ग्रंथच लिहिला. समाज नवराबायकोवर भांडत बसतो. मधले लेकरू त्याच्या नजरेत येतच नाही.

आपल्याकडे बऱ्याच जातींत पाट लावण्याची चाल जुनीच आहे. कुणी वारते, कुठे काडीमोड होते, कोरोनात तर कितीतरी तरुण बाया उघड्या पडल्या. घरे जोडावी लागतातच. मात्र जोडलेल्या घरात भांडण तुपाच्या धारेवरून दिसले तरी मूळ बहुधा शेतात असते. राजघराणे त्यातून सुटले नाही, मग आपण कोण? साईबाई १६५९ साली गेल्या तेव्हा संभाजीराजे दोन वर्षांचे होते; आपल्या शेजारच्या सिंदखेडराजाच्या लेकीने, जिजाऊंनी, नातवाला वाढवले. पुढे १६८० साली महाराज गेल्यावर गादीवरून काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून कायद्याचे थोडे सांगते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या इस्टेटीत पहिलीच्या आणि दुसरीच्या मुलामुलींचा हक्क सारखा आहे. आईबरोबर आलेल्या लेकराला नव्या बापाच्या शेतात आपोआप वाटा मिळत नाही. द्यायचा असेल तर मृत्युपत्र करावे लागते. पण त्याच्या सख्ख्या बापाकडचा त्याचा हक्क आईच्या लग्नाने जात नाही. आणि नवरा वारल्यावर बाईच्या नावे आलेला तिचा वाटाही, तिने पुन्हा लग्न केले म्हणून जात नाही. १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्यात तो जात असे. आजही काही लोक तीच भीती घालून बाईकडून अंगठा घेतात.

माझा मोठा मुलगा मला अजून 'मावशी' म्हणतो. धाकटा, माझ्या पोटचा, विचारी, "दादा तुला आई का म्हणत नाही?" मी त्याला भिंतीवरचा फोटो दाखवी. आधी मनाला लागे, आता लागत नाही. नाही म्हणायला, दादा तापाने फणफणला की 'मावशी' म्हणूनच हाक मारतो, दुसऱ्या कुणाला नाही.

आज हे बोलायचे कारण निराळेच आहे. माझ्या नात्यातल्या एका विधवा पोरीला स्थळ आले आहे. माणूस बरा आहे, पण त्यांचे म्हणणे, चार वर्षांचा मुलगा आजीकडे ठेवून ये. पोरगी रात्रंदिवस रडते आहे, आणि घरचे म्हणतात, एवढ्यासाठी स्थळ घालवू नको. येत्या रविवारी बोलणी आहे. मी जाणार आहे आणि मुलासकट न्या असे सांगणार आहे. एकटीचे कुणी ऐकेल न ऐकेल. मंडळातल्या चारजणी बरोबर आल्या तर बोलायला जोर येईल. सकाळच्या एस. टी. ने निघू, दिवे लागायच्या आत परत येऊ. ज्यांना जमेल त्यांनी आजच मला सांगावे.