निंबाळची वाट होटगीवरूनच



पूर्व-पश्चिमेच्या विचारपरंपरांवरची परिषद होटगीत कशाला, असं सोलापुरात पुष्कळांनी विचारलं. माझं उत्तर एकच: गुरुदेव रा. द. रानडे. त्यांचा आश्रम निंबाळला, आणि पुण्याहून रेल्वेनं निंबाळ गाठायचं तर होटगी चुकवता येत नाही! १८८४ साली इथून विजापूरमार्गे गदगला मीटरगेज गेली आणि आमचं गाव जंक्शन झालं. मोठ्या गाडीतून उतरायचं, वळकटी हमालाच्या डोक्यावर द्यायची, छोटी गाडी धरायची. अर्ध्या हाका मराठीत, अर्ध्या कानडीत. आता ब्रॉडगेज आहे, पण बऱ्याच गाड्या इथं थांबत नाहीत. त्याचं निवेदन प्रवेशद्वाराशी ठेवलंय, सह्या कराव्यात.

रानडे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. ग्रीक तत्त्ववेत्ता हेरॅक्लिटस याच्यावर लिहिणारा हा माणूस निंबाळला नामस्मरणात बुडालेला असे. १९२६च्या ग्रंथात त्यांनी उपनिषदांशेजारी ग्रीकांना बसवलं. पश्चिम म्हणजे तर्क, पूर्व म्हणजे अनुभूती, असं म्हणून मोकळं होणाऱ्या वक्त्यांनी तो जरूर चाळावा. मी आडतीवर बसणारा माणूस, एवढं बोललो हेच जास्त झालं. तरी आमच्या सोलापूरच्या संत सिद्धरामांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. तत्त्ववेत्त्यानं राज्य करावं, असं प्लेटोचं म्हणणं. सिद्धरामांनी बाराव्या शतकात लोकांना बरोबर घेऊन तळं खोदलं. यातलं राजकीय चिंतन कुठलं, ते परिसंवादात ठरवा.

आता व्यवस्थेचं. निवास शाळेच्या वर्गांत आहे, बाकं कालच हलवली; खडूची धूळ राहिली असेल तर क्षमा असावी. आंघोळीचं गरम पाणी पहाटे पाच ते सात, नंतर बंबाचा भरवसा नाही. वीज गेली तर जनरेटर आहे, मात्र तो सुरू झाला की वक्त्यांनी थोडं मोठ्यानं बोलावं. देणगीदारांनी नावं न घेण्याची अट घातली आहे, म्हणून चादरी देणारे कारखानदार, ज्वारीची पोती पाठवणारे शेतकरी, मंडपाचं भाडं न घेणारे मंडपवाले, टँकरवाले आणि भाकऱ्या थापणाऱ्या बचतगटाच्या ताई, सर्वांचे असेच मोघम आभार मानतो. ते रागावणार नाहीत; एक-दोघे रागावतील, त्यांना मी संध्याकाळी भेटतो.

पहिली पंगत साडेबाराला. शेंगाचटणी तिखट आहे, पाहुण्यांनी दही मागून घ्यावं.