जुळलेला संपर्क आणि पटलेली ओळख



पवई आणि जुहू यांच्या मधोमध अंधेरी वसली आहे. तिच्या पूर्वेस पवईची आयआयटी, पश्चिमेस जुहूचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी. १९८६-८७च्या सुमारास या दोन संस्थांमध्ये टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याचा तो आरंभ. डॉ. श्रीनिवासन रमाणी यांचा त्यात मोठा वाटा होता. पुढे १९९२मध्ये जुहू थेट अमेरिकेतील व्हर्जिनियाशी जोडले गेले. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सामान्य ग्राहकांसाठी खुले केले.

परंतु तार जोडली म्हणजे संवाद सुरू झाला, असे नव्हे. दोन अनोळखी संगणकांना बोलण्याचे समान नियम लागतात. या नियमांनाच प्रोटोकॉल म्हणतात. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४मध्ये मांडलेल्या विचारातून टीसीपी आणि आयपी हे प्रोटोकॉल घडले.

बोरिवलीतील एखादे निवृत्त गृहस्थ घरच्या संगणकावर बँकेचे नाव टंकतात, तेव्हा काय घडते? प्रथम डीएनएस ही व्यवस्था त्या नावाचा अंकी पत्ता शोधून देते. मग घरचा संगणक त्या पत्त्यावर निरोप धाडतो : ‘संपर्क हवा आहे, इकडची मोजणी अमुक आकड्यापासून.’ तिकडून उत्तर येते : ‘आकडा पोहोचला, इकडची मोजणी तमुक आकड्यापासून.’ घरचा संगणक त्याची पोच देतो. तीन निरोपांत संपर्क जुळतो, कारण आपला शब्द पलीकडे पोहोचला याची खात्री आता दोघांनाही झालेली असते. आकडे कशासाठी? मजकूर तुकड्यातुकड्यांनी जातो. काही तुकडे मागे पडतात, काही हरवतात. आकड्यांवरून क्रम लावता येतो आणि हरवलेला तुकडा पुन्हा पाठवला जातो.

मात्र या तीन निरोपांत एक प्रश्न कोणीच विचारलेला नसतो : ‘आपण कोण?’ भामट्याचा संगणकही हा शिष्टाचार तितक्याच बिनचूकपणे पाळतो. म्हणूनच ‘एचटीटीपीएस’मध्ये पुढची पायरी येते. पलीकडचा संगणक आपल्या नावाचे प्रमाणपत्र दाखवतो आणि पुढील संभाषण गुप्त लिपीत चालते. तरीही ते प्रमाणपत्र केवळ नावाची ग्वाही देते, दानतीची नव्हे. बँकेच्या नावात एक अक्षर बदलून घेतलेल्या नावालाही प्रमाणपत्र मिळू शकते.

तेव्हा शेवटची पडताळणी माणसालाच करावी लागते. संदेशातून आलेल्या दुव्यावर बोट ठेवण्याऐवजी बँकेचा पत्ता स्वतः टंकावा, अक्षर न् अक्षर वाचावे. फसवणूक झालीच, तर संकोच न करता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. घरातील तरुणांनी एवढे ज्येष्ठांना शेजारी बसवून दाखवावे. दाराची कडी वाजली, तर कोण आहे हे विचारूनच दार उघडायचे, ही आपल्या घरांची जुनी रीत. संगणकापुढे बसतानाही ती सोडू नये.