काम, उद्योग आणि 'काही नाही'

(आपल्या विणकर ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



'उद्योग' या विषयावर चार शब्द बोलावे, अशी मंडळाच्या चालकांनी आम्हांस आज्ञा केली. धंद्यात आमची गती नाही. सारा जन्म खडू-फळ्यात गेला. तेव्हा उद्योग कसा करावा हे न सांगता, त्यासाठी जे शब्द आपण वापरतो त्यांविषयीच बोलतो.

प्राचीन रोमन लोक फुरसतीला 'ओतिउम' म्हणत आणि तिच्यामागे नकार जोडून कामधंद्याला 'नेगोतिउम' म्हणत. म्हणजे फुरसत ही मूळ वस्तू आणि काम हा तिचा अभाव! ग्रीकांचीही तीच तऱ्हा. त्यांच्या 'स्खोले' या फुरसतवाचक शब्दापासूनच इंग्रजी 'स्कूल' निघाले, हे आम्हां मास्तरांस ठाऊक असलेले बरे. कष्टाची पुष्कळशी कामे गुलामांकडे होती. प्रतिष्ठित मंडळींना असे शब्द सुचले यात नवल नाही.

मराठीचा व्यवहार याच्या नेमका उलट. येथे काम हे मूळ, आणि आळसाला नाव द्यायचे तर कामालाच नकार जोडावा लागतो: निरुद्योगी, बिनकामाचा, नाकर्ता, बेकार. आपले 'काम' संस्कृत 'कर्म' पासून प्राकृत 'कम्म' च्या वाटेने आले. इच्छावाचक 'काम' तो निराळा. 'उद्यमा'चा 'उदीम' झाला आणि व्यापाराला चिकटला. 'व्यवसाय' म्हणजे मुळात निश्चय. गीतेत तो याच अर्थाने आला आहे. 'रोजगार' आणि 'पेशा' फारसीतले. 'नोकर' हा फारसीतून आला खरा, पण त्याचे मूळ मंगोल भाषेत, आणि तेथे अर्थ सोबती. सोबत्याचा नोकर कसा झाला, याचा विचार नोकरदारांनी सवडीने करावा. 'ऐदी'ची कथा याहून गमतीची. अकबराच्या पदरी 'अहदी' नावाचे खास शिलेदार असत. त्यांचेच नाव पुढे आळशी माणसाला मिळाले!

परंतु 'बेकार' या शब्दापाशी हसू थांबते. 'कार' म्हणजे काम. ज्याला काम नाही तो बेकार. इतकाच अर्थ राहता तर तक्रार नव्हती. पण आपण टाकाऊ भाजीलाही बेकार म्हणतो आणि खराब रस्त्यालाही. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यांतील कित्येकांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. त्यांनाही हेच विशेषण लागले. वस्तुतः त्यांचे हात शाबूत होते; माग थांबले होते. मागावर बसणाऱ्या ज्ञातीने तरी हा शब्द तोंडातून काढताना विचार करावा.

आता घरातल्या गोष्टीकडे वळतो. मंडळाच्या परिचयपुस्तिकेसाठी आलेल्या कुटुंबपत्रिका यंदा आम्ही तपासल्या. 'धंदा' या रकान्यात पुरुषांपुढे विणकर, कारकून, दुकानदार असे लिहिलेले; स्त्रियांपुढे बहुधा 'काही नाही', नाहीतर नुसती आडवी रेघ. आणि ज्या घरांत माग आहे, त्याही घरांत! लडी कोण उलगडते? रहाटावर कांड्या कोण भरते? तुटलेले धागे कोण सांधते? कांडी संपली की धोटा रिकामा आणि माग थांबला, हे येथे कोणास सांगावयास नको. स्वयंपाकपाणी तर याखेरीज. घरातल्या 'कर्त्या'ला पुरुष समजण्याची आपली रीत जुनी आहे, पण करणारी ती कर्ती, हे व्याकरण पाचवीच्या मुलासही कळते.

बिनमोबदला सक्तीच्या कामाला जुना शब्द 'वेठ'. तो येथे लावणे कोणास रुचणार नाही, आम्हांसही नाही. पण 'काही नाही' हेही खरे नव्हे. 2011 च्या जनगणनेत घरच्या धंद्यात पगाराविना राबणारी व्यक्तीही काम करणारी धरली आहे. फक्त घरकाम करणारी मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशभर 35 लाखांवर कामगार मोजले गेले. त्यांत विणकरांबरोबर कांडी भरण्यासारखी पूरक कामे करणारेही आहेत, आणि बहुसंख्य स्त्रिया आहेत. सरकारने जे मोजले, ते आपल्या पुस्तिकेत नसावे काय?

कोणी म्हणेल, रकाना भरल्याने पोट भरते काय? नाही भरत. पण उद्या एखादी विधवा भगिनी कर्जाच्या शिफारशीसाठी मंडळाकडे आली, तर चिटणीस प्रथम हीच पुस्तिका उघडतील. तेथे आडवी रेघ असली, तर तीस वर्षे कांड्या भरणाऱ्या बाईला हा धंदा येतो, असे त्यांनी कशाच्या आधारे लिहावे?

म्हणून चालकांस आमची सूचना अशी की, 'धंदा' हा रकाना काढून दोन रकाने करावे: 'कोणते काम करता' आणि 'मोबदला मिळतो काय'. नमुन्याच्या पत्रिका बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येक घराने एकेक न्यावी, आणि आपापला रकाना भगिनींनी स्वतः भरावा. अक्षर कसेही असो. चाळीस वर्षे मुलांची अक्षरे वाचली आहेत, तीही वाचू.