ब्रेकातली वीज

मंडळी, भरलेली बैलगाडी जागची हलवताना बैलांना किती जोर लावावा लागतो, हे तुम्ही जाणताच. एकदा गाडी चालू लागली की ओढ हलकी होते. शहरातल्या बसचंही तसंच आहे. घडोघडी थांबायचं नि पुन्हा निघायचं. निघताना इंजिन डिझेल पितं, धूर ओकतं. वेग आला की लगेच ब्रेक! सारा जोर घासण्यात जातो. ब्रेक तापतात आणि मेहनत वाया जाते.

स्वीडन देशातल्या व्होल्वो कंपनीने यावर उपाय काढला. एका बसला जणू दोन बैल जुंपले : एक डिझेलचं इंजिन, दुसरी विजेची मोटर. अशा बसला हायब्रिड म्हणतात. २०१० साली तिचं कारखान्यातलं उत्पादन सुरू झालं. ही बस मोटरीच्या बळावर निघते. वेग वाढला की इंजिन काम घेतं. ब्रेक दाबला की चाकंच मोटर फिरवतात. सायकलच्या डायनॅमोसारखी वीज तयार होते, बॅटरीत साठते आणि पुन्हा निघताना कामी येते.

२०१६ साली अशा पाच बस नवी मुंबईला मिळाल्या.

ही बस महाग पडते. डिझेलही अगदी सुटत नाही. पण थांब्यावरचा धूर कमी होतो. आपलीच मुलं पोटासाठी शहरात जातात; त्या थांब्यांवर तीच उभी असतात.

आम्ही मुलांना सांगत असू, वाहतं पाणी बांध घालून अडवा. या लोकांनी वाया जाणारा जोर अडवला. गोष्ट तीच, नाही का?