पिंपळपान आणि फुप्फुस

(मेहकर येथील विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर, आणि पोटापाण्यासाठी बँकेतील कारकून. अशा माणसाने फुप्फुसावर बोलावे, याचे काहींना हसू आले असेल. परंतु या विषयाकडे आम्ही पुस्तकातून आलो नाही. आमचे मामा खामगावच्या जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत हयातभर राबले. शेवटची दोन वर्षे खाटेवर, ऑक्सिजनच्या नळीवर गेली. चार पावले चालले की छाती लोहाराच्या भात्यासारखी हाले. आम्ही डॉक्टरांना अडाण्यासारखे विचारले, "साहेब, हा भाताच बदलता येत नाही काय?" ते म्हणाले, "बदलता येतो हो, पण देणारा कुठून आणायचा?" मामा गेले. ते उत्तर मात्र आमच्या डोक्यात राहिले, आणि तेव्हापासून या विषयावर जे हाती लागेल ते आम्ही वाचत आलो.

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी वहीत पिंपळाचे पान ठेवले असेल. पान बरेच दिवस पाण्यात कुजू दिले की हिरवा गर निघून जातो आणि शिरांची नाजूक जाळी उरते. आकार पानाचा, पण जीव नाही. शास्त्रज्ञांनी फुप्फुसाचे नेमके हेच केले. मेलेल्या जनावराच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्यांतून साबणासारखी द्रावणे हळूहळू सोडायची. त्यातले एक रसायन तर आपल्या शांपूतही असते. त्याने पेशी धुऊन जातात आणि खाली उरतो तो कोलॅजन व इलॅस्टिन या तंतूंचा पांढुरका सांगाडा. श्वासनळ्या, फांद्या, हवेच्या पिशव्या, सारे जागच्या जागी. या पिशव्या माणसात तीस कोटींहून अधिक असतात, आणि त्यांचा पसारा उलगडून मांडला तर अंदाजे सत्तर चौरस मीटर भरतो. असे घर कोणत्या गवंड्याला बांधता येईल? म्हणून निसर्गाने बांधलेलेच घर रिकामे करायचे आणि त्यात रोग्याच्या स्वतःच्या पेशी राहायला आणायच्या. शरीर परका अवयव झिडकारते ते मुख्यतः परक्या पेशी ओळखून. भाडेकरूच आपले असले तर भांडण कमी, असा हा हिशेब. डुकराच्या सांगाड्यावर त्याची एक विशिष्ट साखर शिल्लक राहते. तीही काढावी लागते, नाही तर शरीर तिच्यावर तुटून पडते.

सन 2008 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डोरिस टेलर आणि हॅराल्ड ऑट यांनी उंदराचे हृदय असे धुऊन त्यात नव्या पेशी वाढवल्या, आणि ते धडधडले. 2010 मध्ये येल विद्यापीठात लॉरा निकलसन यांनी व बोस्टनमध्ये ऑट यांनी उंदराच्या फुप्फुसावर हाच प्रयोग केला. येलचे फुप्फुस उंदराच्या अंगात पाऊण ते दोन तास चालले, बोस्टनचे सहा तासांपर्यंत. 2018 मध्ये टेक्सासमधील गॅल्वेस्टन येथे जोन निकोल्स व होआकिन कोर्तिएला यांनी डुकराच्या सांगाड्यावर दुसऱ्या डुकराच्या पेशी तीस दिवस वाढवून ते फुप्फुस त्याच दुसऱ्या डुकराला बसवले. ते दोन महिन्यांपर्यंत टिकले, शरीराने झिडकारले नाही. परंतु फुप्फुसाची मुख्य धमनी त्याला जोडलेली नव्हती. जनावर आपल्या दुसऱ्या फुप्फुसावरच जगत होते. वर्तमानपत्री मथळ्यांत ही गोष्ट बहुधा गळते.

घाई केली की काय होते, तेही ऐका. पाओलो मॅकियारिनी नावाच्या शल्यवैद्याने 2008 मध्ये बार्सिलोनात दात्याची श्वासनळी अशीच धुऊन एका स्त्रीला बसवली, तेव्हा जगाने त्याला डोक्यावर घेतले. पुढे स्वीडनमध्ये त्याने प्लॅस्टिकच्या श्वासनळ्या रोग्यांना बसवल्या. ते रोगी दगावले. 2023 मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याला अडीच वर्षांची शिक्षा दिली. ही गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो, कारण पांढरा कोट पाहिला की आपण प्रश्न विचारायचे विसरतो.

आपल्या महाराष्ट्रात काय झाले? 1967 च्या डिसेंबरात केपटाऊनला पहिले हृदय बदलले गेले, आणि अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 1968 मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ती शस्त्रक्रिया केली. रोगी जेमतेम तीन तास जगला. त्या वेळी मेंदू मृत झालेल्या माणसाला मृत मानणारा कायदाच नव्हता. तो आला 1994 मध्ये, आणि त्यासाठी आधी ठराव करणाऱ्या तीन राज्यांत महाराष्ट्र होता, हे आम्हांस अभिमानाने सांगावेसे वाटते. सांगाड्याच्या शास्त्रातही भारत अगदीच मागे नाही. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून असाच पेशीविरहित पापुद्रा तयार केला असून जखमा भरण्यासाठी त्याला 2023 मध्ये मान्यता मिळाली. पापुद्र्यापासून फुप्फुसापर्यंत पल्ला लांबचा आहे, एवढे खरे.

डुकराचे नाव निघाले की आपल्याकडे तोंडे वाकडी होतात. ते जनावर पाळणाऱ्या माणसांनाही गावाने कडेलाच ठेवले. पण डुकराच्या झडपा माणसांच्या हृदयात कित्येक वर्षे उघडमीट करीत आहेत. 2024 मध्ये चीनमधील ग्वांगझो येथे जनुके बदललेल्या डुकराचे फुप्फुस मेंदू मृत झालेल्या एका माणसाला बसवले, ते नऊ दिवस तपासणीखाली होते. ज्याचा श्वास कोंडला आहे तो जनावराची जात विचारत नाही. आमच्या मामांनी तर नक्कीच विचारली नसती.

आम्हांला काळजी आहे ती दुसरीच. उद्या हे फुप्फुस तयार झाले तर जिनिंगच्या, दगडखाणीच्या मजुराला ते मिळेल काय? ज्यांच्या छातीत धूळ गेली त्यांचा नंबर यादीत कितवा लागेल? खाते कुणाचे आणि जमा कुणाच्या नावावर, हे पाहण्याची बँकेने आम्हांला सवयच लावली आहे. तुमच्यातून उद्या कुणी डॉक्टर, कुणी अधिकारी होईल, त्यांनी हा प्रश्न बरोबर न्यावा.

तोवर माणसाला माणसाचेच फुप्फुस लागणार. काढलेले फुप्फुस बर्फात सहा-आठ तासच टिकते. समृद्धी महामार्ग मेहकरवरून जातो, तेव्हा नागपूर आता पूर्वीइतके दूर राहिले नाही. अवयवदानाचे अर्ज दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. मात्र अर्ज भरून गुपचूप कपाटात ठेवू नका. वेळ आल्यावर घरच्यांचीच संमती लागते, म्हणून आज रात्री जेवताना घरी सांगा. आम्ही सांगितले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी दोन दिवस अबोला धरला होता, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःसाठी एक अर्ज मागून घेतला.