आधी ताट, मग पॉटी



बालरोगतज्ज्ञांच्या या व्यासपीठावरून अध्यक्षाने नवजात अर्भकांची अतिदक्षता, लसी किंवा प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू अशा विषयांवर बोलावं, अशी रीत आहे. त्या विषयांवर इथे जाणकार बोलणारच आहेत. मी आज दीड ते चार वर्षांच्या मुलांच्या खडा होण्याविषयी बोलणार आहे. ओपीडीत या तक्रारीला आपण दोन मिनिटं देतो, एक पातळ औषध लिहितो आणि पुढचं नाव पुकारतो. त्या मुलाच्या घरात मात्र सकाळपासून एकच प्रश्न चालू असतो, ‘आज झाली का?’

या वयातल्या बहुतेक मुलांत कुठल्याही अवयवाचा आजार सापडत नाही. एक दिवस शी कडक होते आणि दुखतं. कधी चीर पडून रक्ताचा थेंब दिसतो. दोन वर्षांच्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की शी केली की दुखतं, म्हणून ते रोखून धरतं. आतडं त्या शीतलं पाणी शोषत राहतं, ती आणखी जाड आणि टणक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. असे काही आठवडे गेले की गुदाशय ताणून सैल पडतो आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. पडद्यामागे जाऊन, पाय आवळून, चवड्यांवर उभं राहून लालबुंद झालेल्या नातवाला पाहून आजी म्हणते, ‘किती कुंथतोय बिचारा.’ खरं तर तो शी बाहेर येऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करत असतो. पुढे साठलेल्या खड्याच्या कडेने पातळ मळ चड्डीत झिरपू लागला की घरचे त्याला जुलाब समजतात आणि भाजी-फळं बंद करतात. गरज असते ती नेमक्या उलट गोष्टीची.

आणि नेमक्या याच वयात आपण पॉटी आणतो. प्ले-ग्रुपचा प्रवेश जूनमध्ये, तिथे डायपर चालत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये घाईघाईने शिकवणी सुरू होते. आपल्याच देशातल्या बाल-जठरांत्र तज्ज्ञांनी २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शनात २४ महिन्यांनंतर हे शिक्षण सुरू करा, असं म्हटलं आहे. त्याला माझी एक जोड आहे. वय झालं तरी शी कडक असेल तर थांबा. दुखणाऱ्या मुलाला पॉटीवर बसवलं की त्याच्या मनात पॉटी आणि दुखणं यांची गाठ बसते, आणि ती सोडवायला मग महिने लागतात. शी रोज किंवा दिवसाआड, मऊ आणि विनातक्रार होऊ लागली आणि ते दोन-तीन आठवडे टिकलं, की पॉटी काढावी. ब्रिस्टलमधल्या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला शीच्या सात प्रकारांचा तक्ता ओपीडीत टांगून ठेवा. आई त्यावर बोट ठेवून दाखवते, आणि पहिल्या-दुसऱ्या प्रकारावर बोट गेलं की पॉटीचा विषय पुढे ढकलायचा.

शी मऊ करायची कशी, याची सुरुवात ताटापासून होते. सगळ्यात आधी दूध विचारा. शहरात मला जी मुलं दिसतात, त्यांतली कितीतरी सकाळी उठल्यावर, दुपारी झोपताना आणि रात्री बाटलीने दूध पितात. त्याने पोट भरतं, जेवण उरतं, आणि ‘जेवत नाही म्हणून तरी दूध’ असं चक्र सुरू राहतं. दिवसाला साधारण अर्धा लिटर पुरे. त्याहून जास्त दुधाने लोहाची कमतरताही वाढते. बाटली सोडवून पेला दिला की निम्मं काम आपोआप होतं. थोड्या मुलांत मात्र दूधच कारण असतं. १९९८ साली इटलीतल्या डॉक्टरांनी जुनाट बद्धकोष्ठता असलेल्या ६५ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाईचं दूध बंद करून सोयाचं दूध दिल्यावर त्यांतल्या ४४ मुलांना आराम पडला. म्हणून बाकी सगळं करूनही न हटणाऱ्या मुलात काही आठवडे दूध थांबवून पाहावं, पण ते आपल्या देखरेखीखाली, आणि कॅल्शियमची सोय लावूनच.

दुसरा प्रश्न धान्याचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या तक्त्यांत १०० ग्रॅम मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात तीन ग्रॅमच्या आतच तंतू आहेत. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि कणकेत ते दहा-अकरा ग्रॅम आहेत. खेड्यातून येणाऱ्या मुलाचं दूध जास्त नसतंच. तिथे सकाळी चहात बुडवलेली बिस्किटं असतात, दहा रुपयांची पुडी असते आणि वर मऊ भात. ज्या घरात मोठी माणसं भाकरी खातात, त्याच घरात लेकराला ‘पचायला हलकं’ म्हणून बिस्किट दिलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. नाचणीचं सत्त्वसुद्धा भिजवून, वाटून, गाळून केलेलं असेल तर त्यातला कोंडा गाळण्यातच राहिलेला असतो. मोठ्या मुलाला नाचणीच्या अख्ख्या पिठाची आंबील किंवा भाकरी द्यावी.

तीन वर्षांच्या मुलाला किती तंतू लागतात? वयात पाच मिळवा, हा अमेरिकेतला जुना हिशेब सोपा आहे: किमान आठ ग्रॅम. वरणात किंवा ताकात कुस्करलेली अर्धी भाकरी, दोन-तीन चमचे मुगाची मऊ उसळ आणि बिया काढलेला अर्धा पिकलेला पेरू, एवढ्याने आपण आठच्या आसपास पोहोचतो. पपई, चिकू, रताळं, लाल भोपळा, पालक यांतलं काहीही त्यात मिसळा. मनुका आणि अंजीर रात्री भिजवून सकाळी कुस्करून द्या. सुका मनुका अख्खा देऊ नका, घशात अडकतो. तूप भाकरीला चव आणतं, म्हणून घाला. ते औषध नव्हे. पाणी तहानेपुरतं मिळायला हवं, उन्हाळ्यात जास्त. गरजेपेक्षा जास्त पाणी पाजून मात्र शी मऊ होत नाही.

हे सगळं एकट्या मुलासाठी वेगळं शिजवू नये. बापाच्या ताटात वेफर्स आणि मुलाच्या ताटात पालक, हे चालत नाही. आणि भरवताना जबरदस्ती नको. ज्या मुलाकडून आपण ताबा काढून घेतो, ते मूल तोंडातही रोखतं आणि पोटातही.

शी मऊ झाली की मग पॉटी. जेवणानंतर आतडी आपोआप हलतात. म्हणून जेवणानंतर वीसेक मिनिटांनी पाच मिनिटं बसवावं, झाली नाही तरी उठू द्यावं, रागवू नये. कमोडवर बसलेल्या मुलाचे पाय लोंबकळत असतील तर त्याला जोर लावता येत नाही. पायांखाली पाट द्या, गुडघे कमरेपेक्षा वर यायला हवेत. आपल्या आज्या पाय पसरून त्यांवर बाळाला उकिडवं बसवत, त्यामागचं शास्त्र हेच होतं.

आता आहाराच्या मर्यादेबद्दल. आत दगडासारखा खडा साठलेल्या मुलाला नुसत्या पेरू-पपईने बरं वाटत नाही. २०१४ च्या युरोप-अमेरिकेतल्या संयुक्त मार्गदर्शनात तंतू पुरेसे असावेत, पण उपचार म्हणून अतिरिक्त देऊ नयेत, असं म्हटलं आहे. आधी पॉलिइथिलीन ग्लायकॉलने आतडं मोकळं करायचं, मग तेच कमी मात्रेत किमान दोन महिने चालू ठेवायचं, आणि पॉटीचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत बंद करायचं नाही. ‘सवय लागेल’ या भीतीने आई दहाव्या दिवशी औषधाची बाटली ठेवून देते, आणि आपण तिला आधी बजावलेलं नसतं. साबणाची वडी आणि एरंडेल यांना मात्र ठाम नकार द्या. जन्मानंतर ४८ तासांत पहिली शी झाली नव्हती, पोट फुगतं, वजन वाढत नाही, हिरव्या उलट्या होतात, अशा मुलाला आहाराचा कागद देऊन परत पाठवू नका, तपासा.

अंगणवाडीच्या ताईंना मला वेगळं सांगायचं आहे. तुमच्या खिचडीत डाळ आणि पाला वाढवणं तुमच्या हातात आहे. पण लहान मुलाला बसता येईल असं, पाणी असलेलं शौचालय नसेल तर ते मूल दुपारपर्यंत रोखून धरणारच. त्याची मागणी तुम्ही करा, आणि त्या अर्जाखाली आम्ही डॉक्टर मंडळी सह्या करू.

सहकाऱ्यांनो, उद्यापासून या वयाच्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर तीन गोष्टी लिहा: दिवसाला दूध किती, काल काय खाल्लं, आणि शी करताना दुखतं का. औषधाचं नाव त्यानंतर लिहा.